सेंट हेलेनाचा विमानतळ

१८१५ साली इंग्रजांनी नेपोलियनला सेंट हेलेनावर नेऊन ठेवले आणि १८२१ साली तो तेथेच वारला, एवढे आपण सारे शाळेत शिकलो. परंतु ज्या समुद्राने त्याला कोंडले, त्यानेच तेथील साध्यासुध्या रहिवाशांनाही पुढे दोनशे वर्षे कोंडून ठेवले, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. वस्ती अवघी साडेचार हजारांच्या घरातली. केप टाउनहून टपालबोट निघे ती पाचसहा दिवसांनी पोचे. अवघड दुखणे झाले तरी बोटीचीच वाट पाहायची!

अखेर ब्रिटिश सरकारने सुमारे साडेअठ्ठावीस कोटी पौंड खर्चिले, एक अख्खी घळ बुजविली आणि विमानतळ बांधला. पण कड्यांवरचा लहरी वारा आडवा आला. डार्विनने १८३६ सालीच त्या वाऱ्याची नोंद केली होती. २०१६ च्या मे महिन्यातील उद्घाटन लांबले. वर्तमानपत्रांनी टर उडविली. नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाली.

मात्र टवाळी चालू असतानाच, २०१६ साली, रोग्यांना नेणारी विमाने त्या धावपट्टीवर उतरली होती. खर्चाचा हिशेब मांडताना आपण एवढे विसरू नये.