महाराष्ट्रगीतातील इतिहासाच्या खुणा

रेशमी विणकामासाठी ओळखले जाणारे आंधळगाव भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात वसले आहे. या खोऱ्यातील विद्यार्थ्याने 'गर्जा महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत म्हणताना आपली नदी त्यात शोधली, तर ती नावानिशी सापडणार नाही. तिचे पाणी मात्र गीतात आहे. ते कसे, हे समजण्यासाठी शब्दांमागचा भूगोल आणि इतिहास उलगडावा लागतो.

गीताचे कवी राजा बढे (१९१२-१९७७) हे मूळचे नागपूरचे. श्रीनिवास खळे यांच्या संगीतात आणि शाहीर साबळे यांच्या खड्या आवाजात हे गीत १९६० च्या राज्यस्थापनेपासून घराघरांत पोहोचले. त्यातील दोन कडव्यांना १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीताचा दर्जा मिळाला.

आरंभीची नद्यांची नामावळी केवळ निसर्गवर्णन नव्हे. रेवा म्हणजे उत्तर सीमेवरील नर्मदा आणि वरदा म्हणजे विदर्भातील वर्धा. कृष्णा-कोयना पश्चिम महाराष्ट्राच्या, तर गोदावरी नाशिकपासून मराठवाड्यापर्यंतची. १९५६ पूर्वी हे मराठी प्रदेश मुंबई, मध्य प्रदेश आणि हैदराबाद अशा तीन राज्यांत विभागलेले होते. त्यांचे पाणी एकाच घागरीत भरण्याची कल्पना म्हणजे त्या विभागणीला दिलेले उत्तरच होय. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत विलीन होते. अशा रीतीने भंडाऱ्याचे पाणीही गोदावरीच्या नावात सामावते.

भीमथडी म्हणजे भीमा नदीकाठचा प्रदेश. तेथील बुटकी, काटक तट्टे मराठी घोडदळाचा आधार होती. त्यांना यमुनेचे पाणी पाजण्याचे आवाहन उत्तरेतील मोहिमांचे स्मरण देते. पहिले बाजीराव १७३७ मध्ये दिल्लीच्या वेशीवर धडकले होते आणि १७५७ मध्ये रघुनाथरावांच्या फौजांनी दिल्ली घेतली.

दिल्लीच्या तख्ताविषयीच्या उल्लेखात 'राखणे' हे क्रियापद महत्त्वाचे आहे. ते तख्त जिंकल्याचे नव्हे, तर त्याच्या रक्षणाचे वर्णन करते. १७५२ च्या करारान्वये मराठ्यांनी मोगल बादशाहीच्या संरक्षणाची जबाबदारी पत्करली होती. पानिपतच्या पराभवानंतर अवघ्या अकरा वर्षांत, जानेवारी १७७२ मध्ये, महादजी शिंदे यांच्या पाठबळावर शाह आलम दुसरा दिल्लीस परतला. ही राखण निर्विघ्न मात्र नव्हती. १७८८ मध्ये गुलाम कादिरने दिल्ली बळकावून बादशहाचे डोळे काढले. मराठ्यांनी त्याला पकडून ठार केले आणि अंध बादशहाला पुन्हा तख्तावर बसविले. १८०३ मध्ये इंग्रजांनी दिल्ली घेतल्यावर हा अध्याय संपला.

'अस्मानाची सुलतानी' या शब्दयोजनेत जुन्या मराठी कारभाराची परिभाषा दडली आहे. अस्मानी म्हणजे अवर्षण, अतिवृष्टीसारखे संकट आणि सुलतानी म्हणजे राज्यकर्त्यांचा जुलूम. कवीने दोन्ही एकत्र करून आकाशालाच जुलमी सुलतान ठरविले. काळ्या छातीवरील लेणी ही अजिंठा-वेरूळच्या बेसाल्टची आठवण देतात. भंडाऱ्याचा खडक मात्र या बेसाल्टहून निराळा आणि अधिक प्राचीन आहे.

पाषाण निराळा, नदीचे नावही अनुच्चारित. तरीही आंधळगावच्या विद्यार्थ्याला हे गीत परके ठरत नाही, कारण त्याच्या गावचे पाणी अखेर त्याच घागरीत पोहोचते.