सेवालय, हासेगाव

सेवालय : एचआयव्हीबाधित मुलांचे निवासी संगोपन करणारी लातूर जिल्ह्यातील संस्था. औसा तालुक्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी ती २००७ मध्ये स्थापन केली.

एड्सच्या साथीत रुग्णाची शुश्रूषा हीच अनेक ठिकाणी चळवळ बनली. न्यूयॉर्क येथे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘गे मेन्स हेल्थ क्रायसिस’ या संस्थेचे स्वयंसेवक रुग्णांची सेवा करीत आणि त्यांच्या हक्कांसाठीही लढत. भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये मद्रास येथे आढळला. लातूर, नांदेड आदी जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतून ऊसतोडणी, बांधकाम, मालवाहतूक यांसाठी लोक दूरवर जात. परगावी झालेला संसर्ग पुढे घरी पत्नीला व तिच्याकडून अपत्याला होई. आईबाप निवर्तल्यावर अशा मुलाला आप्तांच्या घरीही थारा मिळेलच, असे नव्हते.

उपचारांअभावी आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण सु. १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ते ५ टक्क्यांखाली येते. बाधित बालकांवर उपचार न झाल्यास त्यांपैकी सु. निम्मी दोन वर्षांच्या आत दगावतात. विषाणूरोधक औषधे शासनातर्फे मोफत देण्यास १ एप्रिल २००४ रोजी महाराष्ट्रासह सहा राज्यांत प्रारंभ झाला. तथापि ही औषधे आयुष्यभर, न चुकता घ्यावी लागतात. पोरक्या मुलाला वेळेवर गोळी, पोटभर अन्न व आधार देणारे कोणी नसेल, तर मोफत औषधही निरुपयोगी ठरते. ही उणीव सेवालयासारख्या संस्थांनी भरून काढली. पंढरपूर येथील ‘पालवी’ व बीड जिल्ह्यातील ‘इन्फंट इंडिया’ या संस्थांचे कार्यही याच स्वरूपाचे आहे.

सहवासाने, एका बाकावर बसल्याने वा एकत्र जेवल्याने हा संसर्ग होत नाही. तरीही २००९ मध्ये सेवालयातील मुलांच्या शालेय प्रवेशास हासेगावातील पालकांनी विरोध केला आणि हा प्रश्न राज्यभर गाजला. अमेरिकेत इंडियाना राज्यातील रायन व्हाइट या मुलाला १९८५ मध्ये असाच शाळाप्रवेश नाकारण्यात आला होता. मुलांना सांभाळणे ही दया मानली जात होती. त्यांच्यासाठी शाळेतील जागा मागताच ती हक्काची मागणी ठरली. सेवाकार्याचे चळवळीत रूपांतर होते ते या टप्प्यावर.

औषधांमुळे मुले प्रौढ होऊ लागली, तेव्हा शिक्षण, उपजीविका व विवाह हे प्रश्न पुढे आले. बालगृहाची वयोमर्यादा ओलांडलेल्यांसाठी संस्थेने ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ ही वसाहत उभारली. या नावाची इंग्रजी आद्याक्षरे एचआयव्ही अशीच होतात.

१० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या २०१७ च्या केंद्रीय एचआयव्ही व एड्स अधिनियमाने शिक्षण, नोकरी, उपचार व निवास यांबाबतच्या भेदभावास मनाई केली आहे. बाधित कुटुंबाचा व्यवहार सांभाळू शकणाऱ्या १२ ते १८ वर्षांच्या मुलाला धाकट्या भावंडाचा पालक म्हणून शाळाप्रवेशादी बाबींत मान्यता देण्याची तरतूदही त्यात आहे. पोरक्या घरांत मुलेच एकमेकांना सांभाळीत आली, या वस्तुस्थितीची ती कायदेशीर नोंद होय.