मॉडेल रॉकेट म्हणजे काय? वर जाऊन परत येणाऱ्या रॉकेटची गोष्ट

अमेरिकेत सुट्टीच्या दिवशी सकाळी मोकळ्या मैदानांवर मुलं आणि मोठी माणसं पुठ्ठ्याची रॉकेटं घेऊन जमतात. सकाळीच का? तेव्हा वारा सहसा कमी असतो. वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर असेल तर उड्डाण करायचं नाही, असं तिथल्या 'नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री'ची नियमावली सांगते.

आपलं दिवाळीचं रॉकेट वातीने पेटतं, वर जाऊन फुटतं आणि संपतं. मॉडेल रॉकेट मात्र परत यावं लागतं. पुठ्ठ्याची नळी, हलकं टोक, बाल्सा लाकडाचे पंख आणि आत घडी केलेलं पॅराशूट. नळी, टोक, पंख यांत धातू चालत नाही.

खरी गंमत मोटरमध्ये आहे. बोटाएवढी, एकदाच वापरायची ही नळी तयारच विकत मिळते. तिच्यावर 'सी ६-५' असं काहीतरी छापलेलं असतं. 'सी' म्हणजे एकूण ताकद, जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद. अक्षर एकाने पुढे गेलं की ही मर्यादा दुप्पट होते. ६ म्हणजे सरासरी ६ न्यूटनचा जोर. आणि ५ म्हणजे जळण संपल्यानंतरचे ५ सेकंद. तेवढा वेळ रॉकेट मिळालेल्या वेगावर वर जात राहतं, मग आतली थोडीशी दारू टोक ढकलून पॅराशूट बाहेर काढते. हा आकडा चुकला तर पॅराशूट भर वेगात उघडून फाटतं, नाहीतर रॉकेट खाली झेपावू लागल्यावर उघडतं.

पेटवायचं ते बॅटरीच्या बटणाने, लहान मोटरसाठी किमान १५ फूट लांबून, मोठ्याने उलटी गिनती करून. बटण दाबूनही उडालं नाही तर? बॅटरी तोडायची आणि ६० सेकंद जवळ जायचं नाही. विजेच्या तारेत अडकलेलं रॉकेट तर सोडूनच द्यायचं.

एवढी शिस्त कशाला? १९५७ मध्ये स्पुटनिक अवकाशात गेला आणि अमेरिकेतली मुलं घरीच धातूच्या नळ्यांत रसायनं ठासू लागली. त्यात अनेक जण जखमी झाले, काहींचा जीव गेला. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचे चपलांचे दुकानदार ऑरव्हिल कार्लाइल यांनी मात्र १९५४ मध्येच सुरक्षित पर्याय तयार केला होता: हलकं रॉकेट आणि बदलता येणारी मोटर. व्हाइट सँड्स तळावर काम केलेल्या जी. हॅरी स्टाइन यांनी तो लोकांपर्यंत नेला. पुढे व्हर्नन एस्टिस यांनी मोटर बनवणारं यंत्रच उभारलं. त्याचं नाव 'मेबल'.

भारतात स्फोटकं बनवायला परवाना लागतो. त्यामुळे व्हिडिओ बघून घरी मोटर भरायला बसू नका. प्लॅस्टिकची बाटली, थोडं पाणी आणि सायकलचा पंप यांवर उडणारं पाण्याचं रॉकेट करून बघा, तेही मोकळ्या मैदानात आणि लांब उभं राहून.