लूत, करंजेल आणि मगनवाडीचा घाणा

कानांच्या कडा, कोपरे आणि पोटाखालचा भाग यांवरचे केस झडून कुत्र्याची कातडी जाड, खरबरीत होऊ लागली की मराठीत त्याला ‘लूत’ म्हणतात, आणि हा शब्द पुढे माणसांना द्यायच्या शिवीतही शिरला. परंतु या एकाच नावाखाली खरजेचा संसर्ग, पिसवा-गोचिडांचा उपद्रव आणि ॲलर्जी, म्हणजे धूळ किंवा परागकणांना शरीराने दिलेला अतिरेकी प्रतिसाद, असे निरनिराळे विकार सरसकट कोंबले गेले. खरजेमागे सूक्ष्म कीड असते हे बोनोमो आणि चेस्तोनी यांनी इटलीत १६८७ मध्ये मांडले, तरी तिच्यावरचे उपाय त्याहून कितीतरी जुने आहेत: चरकसंहितेतील ‘कंडूघ्न’, म्हणजे खाज शमवणाऱ्या, दहा द्रव्यांच्या गणात नक्तमाल (करंज) आणि निंब ही दोन्ही येतात.

करंजाच्या चपट्या बियांतून निघणारे दाट, पिवळसर-तपकिरी, उग्र वासाचे करंजेल गुरांच्या आणि कुत्र्यांच्या अंगाला चोळले जाई, म्हणून या औषधाचा इतिहास वैद्याइतकाच तेल्याचाही आहे. १९३४ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी बैलघाण्यात सुधारणा केल्या आणि तो ‘वर्धा घाणी’ म्हणून ओळखला गेला, अर्थात त्याचा रोख खाद्यतेलावर होता. ॲलर्जीची खाज मात्र करंजेलाने मुळापासून जात नाही. कीड नसतानाही ती ठरावीक ऋतूत परतते, कारण तिचे मूळ कातडीवर नसून शरीराच्या प्रतिकारयंत्रणेत असते.