तळटीप : पित्ताम्ले
*१ पित्ताम्ले : 'पित्त झालंय' असे आपण म्हणतो तेव्हा तक्रार बहुधा जठरातल्या आम्लाची असते. लेखकाला इथे अभिप्रेत आहे ते यकृतात तयार होणारे पित्त. त्यातली पित्ताम्ले यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवते. तेलकट कढईवर साबण जे करतो तेच ती आतड्यात करतात : स्निग्धाचे बारीक थेंब करून पचन सोपे करतात. काम झाल्यावर त्यांपैकी सुमारे ९५ टक्के आतड्यातून शोषली जाऊन यकृताकडे परततात. शिवाय ती निरोप्याचेही काम करतात. 'एफएक्सआर' या ग्राहीला ती जुळली की यकृतात नवी चरबी बनणे मंदावते. ही जोडी १९९९मध्ये उघडकीस आली. उलट गोड पेयांतल्या फ्रुक्टोजचा मारा झाला की यकृत त्याची चरबी करून साठवते. ५ टक्क्यांहून अधिक यकृतपेशींत ती दिसली की 'फॅटी लिव्हर' म्हणतात. म्हणूनच तूप वर्ज्य करून शीतपेये रिचवणाऱ्याची सुटका होत नाही. ओट्स, इसबगोल यांतला विद्राव्य तंतू काही पित्ताम्ले शौचावाटे बाहेर नेतो. ती तूट भरायला यकृत कोलेस्टेरॉल खर्ची घालते. — संपा.