प्रबंधाआधीची परीक्षा

आपल्याकडे पीएचडी म्हटले की प्रबंध डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत कर्करोगाच्या जीवशास्त्रात संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याआधी, साधारणपणे दुसऱ्या वर्षी, पात्रता परीक्षेला सामोरे जावे लागते. तो संशोधनाचा प्रस्ताव लिहितो आणि प्राध्यापकांच्या समितीपुढे तोंडी परीक्षा देतो. प्रयोग फसला तर पुढे काय, हा तिथला हमखास प्रश्न. नापास झाल्यास बहुधा आणखी एक संधी मिळते. तीही हुकली की पीएचडीचा मार्ग बंद होतो.

या परीक्षेमागचा पेच कर्करोग संशोधनाच्या इतिहासातच दिसतो. १९११ मध्ये पेटन राउस यांनी कोंबडीतील सार्कोमा विषाणूमुळे होतो असे दाखवले. त्यांना नोबेल मिळाले १९६६ मध्ये. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅकार्डल प्रयोगशाळेत हॉवर्ड टेमिन याच विषाणूवर काम करत होते. विषाणूचा आरएनए पेशीत डीएनएचे रूप घेतो, असे त्यांनी १९६४ मध्ये मांडले. अ‍ॅक्टिनोमायसिन हे औषध दिले की विषाणूची वाढ थांबते, हा त्यांचा एक आधार होता. पण ते औषध पेशीलाच इजा करत असेल तर? आक्षेप रास्त होता. १९७० मध्ये टेमिन आणि मिझुतानी यांना, तसेच स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांना, आरएनएवरून डीएनए घडवणारे विकरच सापडले, तेव्हा वाद मिटला. १९७५ मध्ये टेमिन यांना नोबेल मिळाले.

मुंबईत कमल रणदिवे यांनी व. रा. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्या काळी आपल्याकडे भिस्त मार्गदर्शक आणि प्रबंध यांवरच असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएचडीपूर्व अभ्यासक्रम सक्तीचा केला तो २००९ च्या नियमावलीने. रणदिवे यांचे काम पाहता जुनी पद्धत कुचकामी होती असे म्हणवत नाही. मात्र तिथे विद्यार्थ्याचे भवितव्य एकाच गुरूच्या पारखीवर अवलंबून राही. समितीमुळे ते चारचौघांसमोर ठरते, हा मोठा लाभ.

धोका एवढाच, की चौघांचे एकमत प्रचलित मताकडे झुकते. १९६४ सालच्या समितीपुढे एखाद्या विद्यार्थ्याने टेमिन यांची कल्पना मांडली असती, तर तिला पुरावा मागणे योग्यच ठरले असते. केवळ पटत नाही म्हणून त्याला नापास करणे मात्र चूक ठरले असते. आपली कल्पना कोणत्या प्रयोगाने खोटी ठरेल, हे विद्यार्थ्याला सांगता येते का, एवढेच परीक्षकांनी तपासावे.