एका गांवाचा नवस

१८९६ सालीं मुंबई बेटांत ग्रंथिक सन्निपाताची साथ आली, तेव्हां वांद्रें, माझगांव, गिरगांव येथील आपल्या लोकांनीं गांवठाणांत क्रूस उभारले, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. साथ गेली, क्रूस राहिले. पण त्यांच्यापुढें गुडघे टेकून नवस बोलणाऱ्यांची गोष्ट सांगणारें माणूस आतां विरळा. युरोपांतील एका खेड्यानें अशीच आठवण दगडांत न ठेवितां माणसांच्या मुखीं ठेविली. त्या खेड्याची हकीकत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बव्हेरियाच्या डोंगराळ मुलखांत ओबरामरगाऊ नांवाचें हें गांव आहे. तीस वर्षांचें युद्ध चालू असतां त्या भागांत प्लेग पसरला. गांवानें वाटा रोखून पहारे बसविले. परंतु वृद्ध लोक सांगत आले तें असें कीं, कास्पर शिसलर नांवाचा एक मजूर परगांवीं कामास होता. देवळाच्या सणाला बायकामुलांत असावें म्हणून तो पहारा चुकवून घरीं आला व त्याच्यासवें साथही आली. गांवच्या वृत्तांतांत मृतांचा आंकडा ८४ दिला आहे. १६३३ सालीं उरलेल्यांनीं नवस केला कीं, दर दहा वर्षांनीं प्रभूच्या दुःखसहनाचें नाटक करूं. नवसाचा मूळ कागद उरलेला नाहीं. जें उरलें तें लोकांच्या स्मरणांत. त्या प्लेगाच्या वर्षावरही गांवकऱ्यांनीं १९३३ सालीं निराळें नाटक केलें, आणि २०१९ सालीं पुनः त्याच विषयाचा प्रयोग झाला. घरच्या ओढीनें आलेल्या शिसलरला नुसता अपराधी म्हणणें आमच्या तरी जिवावर येतें.

पहिला प्रयोग १६३४ सालीं झाला. रंगभूमि म्हणजे देवळाजवळचें कबरस्तान. साथीचे मृत जेथें विसावले होते तेथेंच त्यांचे आप्त प्रभूच्या मरणाची कथा सांगूं लागले. १६८० पासून दशकाच्या आरंभवर्षीं नाटक करण्याचा प्रघात पडला. संहिता पुष्कळदां धर्मगुरूंच्या हातून घडली: एत्ताल मठांतील रोस्नर, त्याच मठांतील वाइस, व एकोणिसाव्या शतकांत गांवचेच धर्मगुरु डायझेनबर्गर. संगीत गांवच्या शाळामास्तरानें, डेडलरनें, दिलें. १७७० सालीं राजाज्ञेनें नाटकें बंद झालीं, कारण इतका पवित्र विषय रंगभूमीवर आणूं नये असें सरकारास वाटलें. तरी गांवानें नवस सोडला नाहीं.

नाटकांत भाग घ्यावयाचा तर त्या गांवीं जन्म झालेला असावा किंवा तेथें वीस वर्षें वास्तव्य असावें. पांच हजारांच्या वस्तींतून सुमारें दोन हजार माणसें कामास लागतात. आदल्या वर्षाच्या राखेच्या बुधवारापासून पुरुषांनीं केस व दाढी वाढवावी असा नियम आहे. रोमन शिपायांस तेवढी सूट.

येथवरची कथा ऐकावयास गोड आहे. परंतु इतिहास लिहिणारानें पुढचेंही लिहिलें पाहिजे. या नाटकांत यहुदी लोक शिंगासारख्या टोप्या घालून, रक्ताची मागणी करीत रंगभूमीवर येत. १९३४ सालीं त्रिशताब्दीच्या खास प्रयोगास हिटलर येऊन बसला, व पुढें त्यानें या चित्रणाची स्तुति केली. ज्या स्मृतींतून भक्ति निपजली तिच्यांतच शेजाऱ्याविषयींचें विष मुरलें होतें. तें नाटक पाहून देवळांत रडलेले लोक घरीं जातांना काय घेऊन गेले असतील, हा प्रश्न आम्हांस सोडीत नाहीं. १९६५ सालीं व्हॅटिकन धर्मपरिषदेनें स्पष्ट सांगितलें कीं, प्रभूच्या मरणाचा दोष सर्व यहुद्यांवर लादतां येत नाहीं. तरीही १९७० सालीं गांवानें जुनीच संहिता धरली. यहुदी संस्थांनीं बहिष्कार पुकारला.

पूर्वजांचा शब्द बदलला तर नवस मोडतो काय? गांवांत यावरून वर्षानुवर्षें तट पडले. १९९० सालीं तरुण दिग्दर्शक क्रिस्तियान श्ट्युकल आला. त्याच सालीं न्यायालयाच्या निकालानें विवाहित व प्रौढ स्त्रियांसही भाग घेण्याची मोकळीक मिळाली. २००० सालीं ‘त्याचें रक्त आम्हांवर’ ही आरोळी काढून टाकण्यांत आली. २०१० सालीं येशू व त्याचे लोक हिब्रू भाषेंत यहुद्यांची प्रार्थना गाऊं लागले. जो यहुदी होता तो यहुदी दिसूं लागला, एवढेंच. नवस नाटकाचा होता, द्वेषाचा नव्हता, असें आमचें मत आहे.

२०२० चा प्रयोग कोरोनाच्या साथीमुळें दोन वर्षें पुढें गेला. पुरुषांनीं वाढविलेले केस कापून टाकले, आणि २०२१ च्या राखेच्या बुधवारीं ते पुनः वाढविण्याची आज्ञा निघाली. २०२२ सालीं प्रयोग झाला तेव्हां यहूदाची भूमिका गांवांतल्याच एका तुर्की वंशाच्या मुसलमान तरुणानें केली.